मैत्रिणीसाठी गोधडी: आधी माणूस, मग कापड, मग टाका

कुणासाठी तरी गोधडी शिवायची ठरलं की नवीन माणसं आधी नक्षी शोधायला लागतात. रंग कोणता, चौकोन की फुलं, नाव कुठे काढायचं. माझं सांगणं असं, की हे सगळं नंतर. आधी जिला द्यायची आहे तिचं अंथरूण डोळ्यांसमोर आणा. ती वेंगुर्ल्यात राहते की पुण्यात? पंख्याखाली झोपते की एसीत? धुणं कोण करतं आणि वाळत कुठे घालतं? मुंबईच्या एका खोलीतल्या दोरीवर जाड, भरगच्च गोधडी वाळणार कशी? याची उत्तरं मिळाली की आकार, थर आणि कापड आपोआप ठरतं, आणि भेट त्या माणसाची होते ती इथेच. सुंदर भरतकामाने नाव काढलेली पण कपाटात घडी घालून ठेवलेली गोधडी मला बघवत नाही. ती रोज अंगावर यावी, महिन्या-दोन महिन्यांनी धुतली जावी, विरली तर तिला ठिगळ लागावं.

ज्यांना बटण लावता येतं, साधी टीप घालता येते, पण गोधडी कधी केलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आधी बाळाचं दुपटं सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत करू. दुपटं जमलं की मोठी गोधडी म्हणजे तेच काम, फक्त जास्त दिवस.

थर किती घ्यायचे

कोकणच्या किनाऱ्यावर खरी थंडी अशी नसतेच. जानेवारीच्या पहाटे रत्नागिरीत पारा १८-२० अंशांच्या आसपास उतरतो, दिवसा पुन्हा घाम. त्यामुळे इथल्या माणसासाठी तीन थर पुष्कळ झाले: वरचं कापड, मधलं आणि अस्तर. बाळाच्या दुपट्याला दोन थरही चालतात. घाटावर, नाशिक-पुण्याकडे द्यायची असेल तर चार किंवा पाच.

मध्ये कापूस किंवा फोम घालायचा मोह आवरा. दुकानात मिळणारी फायबरची शीट घातली की गोधडी फुगीर आणि देखणी दिसते, पण घामाच्या हवेत ती अंगावर घेववत नाही. कापूस तर धुतल्यावर गोळा होतो, आणि वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात तो आतून लवकर कोरडा होत नाही. मग कुबट वास धरतो, पाठोपाठ बुरशी. जुन्या सुती साड्यांचे तीन थर मात्र एका दिवसाच्या चांगल्या उन्हात खडखडीत वाळतात. आपल्याकडच्या जुन्या बायका साडीवर साडी घालूनच गोधड्या करत आल्या आणि या हवेला तीच रीत योग्य आहे.

कापड कुठून आणायचं

सगळ्यात चांगलं कापड म्हणजे अनेक वर्षं धुतलेलं सुती: नऊवारी लुगडं, सहावारी साडी, धोतर, पंचा, मुलांचे शाळेचे सुती शर्ट. वरच्या तुकड्यांसाठी शिंप्याकडची कातरणं मागून आणा. गणपतीच्या आधी आणि लग्नसराईत शिंप्यांकडे ढीग असतो आणि बहुतेक जण आनंदाने देतात. त्यात टेरिकॉट आणि पॉलिस्टर मिसळलेलं असतं, ते वेगळं काढावं लागेल. एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मण्याचं कापड बाजूला ठेवा, त्याच्या पिशव्या छान होतात.

जिला भेट द्यायची तिच्याच घरातलं कापड वापरायला मिळालं, तर त्याहून मोलाचं काही नाही. आईची साडी, आजोबांचं धोतर, मुलीचा पहिला फ्रॉक. पण यात घाई करू नका. गेलेल्या माणसाची साडी कात्रीखाली जाताना बघणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून साडी हातात घेण्याआधी स्पष्ट विचारा: पूर्ण कापू का, की फक्त पदर घेऊ? काठ राखू का? कापण्याआधी साडी पसरून तिचा एक फोटो काढून ठेवा आणि उरलेला प्रत्येक तुकडा परत करा, अगदी चिंधीसुद्धा. दुसरी बाजूही आहे. काही घरांत लग्नाला किंवा बारशाला वापरलेलं कापड देणं चालत नाही. रुखवतात मांडायची गोधडी असेल तर नवीनच कापड लागतं. हे घर आपल्या चांगल्या ओळखीचं असलं तरी एकदा विचारलेलं बरं.

जुनी साडी उजेडासमोर धरून बघा. जिथे विणीतून उजेड जास्त येतो तिथे ती विरलेली आहे. दोन्ही हातांनी उभ्या आणि आडव्या धाग्यावर हलकेच ताणा. फाटली किंवा कुरकुरली तर ते कापड मधल्या थरासाठी, वर किंवा खाली नको. मांडीवरचा आणि बसायचा भाग आधी विरतो, पदर आणि काठ बहुधा शाबूत असतात. त्यामुळे पदर वर, अंग आत, असं वाटप नेहमी जमतं.

साडीची जर (चमकता धागा) मात्र बाळाच्या कापडाला लावू नका. ती टोचते आणि हवेने काळीही पडते.

कापायच्या आधी धुवा

नवीन सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन ते पाच इंच आटतं. न धुता शिवलं तर गोधडी दिल्यावर पहिल्याच धुण्यात सुरकुतेल, कारण जुनं कापड आटणार नाही आणि नवं आटेल. म्हणून सगळं कापड आधी रात्रभर पाण्यात, मग धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करून घ्या. खळ असेल तर निघून जाऊ दे, खळीच्या कापडात सुई अडते आणि कसरही लवकर लागते.

लाल, काळा आणि गडद निळा या रंगांवर विश्वास ठेवू नका. ओलं पांढरं फडकं त्या कापडावर ठेवून वरून गरम इस्त्री फिरवा. फडक्यावर रंग आला तर कापड पुन्हा पुन्हा धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळीकडे सांगतात. त्यावर विसंबू नका. चार-पाच धुण्यांनंतरही रंग सुटतच असेल तर तो तुकडा पांढऱ्याशेजारी लावू नये, इतकं साधं आहे.

हत्यारं

कात्री कापडापुरती वेगळी ठेवा, तिने कागद कापू नका. टेप, शिंप्याचा खडू, सेफ्टी पिना, अंगुस्तान (बोटात घालायची टोपी) आणि दोन-तीन जाडीच्या सुया. धागा सुतीच घ्या. जुन्या मऊ कापडात पॉलिस्टरचा टणक धागा ताणला की भोकं मोठी होत जातात. भरतकामाची लडी सहा पदरी असते, त्यातले तीन पदर वेगळे करून घेतले की धावदोऱ्याला, म्हणजे थर जोडणाऱ्या वर-खाली जाणाऱ्या सरळ टाक्यांना, योग्य जाडी येते. धागा हातभरच घ्यायचा. लांब घेतला की गुंता होतो आणि प्रत्येक टाक्यात घासून तो झिजतो. मेणबत्तीच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला की सरळ चालतो.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत सुया आणि पिना फार लवकर गंजतात आणि गंजाचा डाग कापडावर कायमचा बसतो. सुया मशीनच्या तेलाचा थेंब टाकलेल्या फलालीनच्या तुकड्यात खोचून ठेवा, वापरण्याआधी पुसून घ्या. पावसाळ्यात कापडात पिना टोचून रात्रभर ठेवू नका. डाग पडलाच तर पांढऱ्या कापडावर लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवतात, त्याने पुष्कळ फरक पडतो. रंगीत कापडावर मात्र त्याच लिंबाने रंग उडतो.

दुपटं: ३६ बाय ३६ इंच

बाळासाठी म्हणजे घाईचं काम, कारण बारसं बाराव्या दिवशी. जन्माआधी बाळाचं काही शिवू नये असं काही घरांत मानतात. तिथे कापड धुऊन, कापून ठेवा आणि शिवण नंतर सुरू करा. रोज तासभर बसलात तर हाताने शिवलेल्या दुपट्याला तीन-चार आठवडे लागतात, हे धरून चला. बारशाला नाही जमलं तर पहिल्या महिन्याच्या वाढदिवसाला द्या. चुकीच्या घाईने टाके सैल पडण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

वरच्या थरासाठी ३६ चौकोन लागतात, सहा ओळी आणि प्रत्येकीत सहा. तयार चौकोन ६ इंचांचा हवा, म्हणून कापताना साडेसहा इंच कापा. चारही बाजूंना पाव इंच मार्जिन शिवणीत जातं. पुठ्ठ्याचा साडेसहा इंची चौकोन करून घ्या आणि तो ठेवून खडूने आखा. कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला समांतरच कापायचं. तिरकं कापलेलं कापड शिवताना ताणतं आणि चौकोनाचा पतंग होतो.

सगळे चौकोन जमिनीवर मांडून बघा. उभं राहून, थोडं लांबून. गडद रंग एका कोपऱ्यात गोळा झाले असतील तर ते पसरवा. माझी एक आवड सांगते: दर ओळीत एक तरी तुकडा साधा, बिननक्षीचा असावा. सगळीच फुलं असली की डोळा कुठे थांबतच नाही.

आता ओळी शिवा. दोन चौकोन सुलट बाजू एकमेकींवर ठेवून पाव इंचावर टीप. हाताने करायची तर उलटी टीप, मशीनवर तर साधी. सहा चौकोनांची एक ओळ झाली की शिवणी इस्त्रीने एका बाजूला दाबा: पहिल्या ओळीच्या डावीकडे, दुसरीच्या उजवीकडे, तिसरीच्या पुन्हा डावीकडे. ओळी जोडताना या घड्या एकमेकींत बसतात आणि चौकोनांचे कोपरे नेमके जुळतात. सहा ओळी जोडल्या की ३६ इंचांहून किंचित मोठा वरचा थर तयार.

अस्तर ४० बाय ४० इंच कापा, म्हणजे चारी बाजूंना दोन इंच जास्त. मधला थरही तेवढाच, जुन्या धोतराचा किंवा पंच्याचा. पंचा मऊ असतो आणि पाणी पटकन शोषतो, दुपट्यासाठी त्याच्यापेक्षा चांगलं मधलं कापड मला माहीत नाही.

यापुढचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि नवीन माणसं नेमकं तेच गाळतात. फरशी पुसून पूर्ण वाळू द्या. अस्तर उलट बाजू वर करून पसरा आणि कडा चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. ताठ हवं, पण ताणलेलं नको. त्यावर मधला थर, मग वरचा. प्रत्येक थर मधून बाहेर हात फिरवत सपाट करा. मग कच्चे टाके घाला: मध्यापासून चार दिशांना, नंतर चार-चार इंचांवर जाळी होईल असे, प्रत्येक टाका दोन-तीन इंचांचा. यासाठी अगदी वेगळ्या रंगाचा धागा घ्या, शेवटी उसवताना दिसला पाहिजे. हे काम दीड-दोन तास घेतं आणि पाठ दुखते. पण हे नीट झालं तर पुढे थर सरकत नाहीत आणि अस्तरावर चुण्या पडत नाहीत.

मग धावदोरा. मध्यापासून सुरुवात करा आणि एकेक ओळ बाहेर सरका. दोन ओळींत दीड इंच अंतर ठेवा. ३६ इंचांच्या २४ ओळी होतात, म्हणजे साधारण २२ मीटर शिवण. तीन पदरी धाग्याने आठ मीटरच्या दोन लड्या पुरतात. इंचाला चार टाके आले तर उत्तम, तीन आले तरी चालतील. टाका लहान असण्यापेक्षा सगळे टाके सारखे असणं महत्त्वाचं आहे. वरचा टाका आणि खालचा टाका एकाच लांबीचे दिसू लागले की हात बसला समजा. सुई प्रत्येक वेळी तिन्ही थरांतून पार गेली पाहिजे. डावा हात खाली ठेवा, बोटाला सुईचं टोक हलकं लागलं की उलटी फिरवून वर आणा.

गाठ वर दिसू देऊ नका. बारीक गाठ मारून सुई वरच्या थरातून आत घाला आणि हलका झटका द्या, गाठ आत जाऊन बसते. ओळ संपताना जागच्या जागी दोन उलटे टाके घालून शेपूट थरांच्या मधून इंचभर फिरवून कापा. बाळाच्या अंगाखाली येणारं कापड आहे, एकही गाठ टोचायला नको. मणी, टिकल्या, आरसे, बटणं, लोंबणारे गोंडे हे काही लावू नका, ते तोंडात जातं. आणि दुपटं देताना बाळाच्या आईला एक गोष्ट सांगा: वर्षाच्या आतल्या बाळावर झोपेत सैल पांघरूण घालू नये, ते तोंडावर येऊ शकतं. दुपटं मांडीवर घ्यायला, जमिनीवर अंथरायला, अंगाईच्या वेळी गुंडाळून धरायला.

गोट

थर शिवून झाले की कडा एका रेषेत कापा आणि गोट, म्हणजे कडा झाकणारी पट्टी, लावा. कडा सरळ असल्यामुळे सरळ पट्टी पुरते. कोपरे गोल केले असतील तरच उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लागते. पट्टी अडीच इंच रुंद आणि एकूण १५६ इंच लांब, म्हणजे चार बाजूंचे १४४ आणि कोपरे-जोडांसाठी १२. लांबीत मधोमध दुमडून इस्त्री करा. दुमडलेल्या पट्टीच्या उघड्या कडा गोधडीच्या कडेला लावून पाव इंचावर टीप घाला. कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे थांबून धागा पक्का करा. पट्टी सरळ वर दुमडा, कोपऱ्यात तिरकी घडी पडेल. मग तीच पट्टी पुढच्या कडेवर खाली आणा आणि अगदी टोकापासून पुन्हा शिवायला लागा. चारी बाजू झाल्या की पट्टी मागे वळवून बारीक हेमिंग करा. साडीचा काठच गोट म्हणून वापरता आला तर फार शोभतो. नारळी काठ असेल तर दुसरी नक्षी लागतच नाही.

कोपऱ्यांविषयी एक गोष्ट. आपल्या दक्षिणेला उत्तर कन्नडमध्ये, हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका कवंदी नावाच्या गोधड्या करतात. त्या कडेपासून सुरुवात करून फेऱ्या घालत मध्यावर येतात, जाता जाता तुकडे जोडतात, आणि चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाच्या रंगीत चौकोनांचं फूल लावतात. त्याला ‘फुला’ म्हणतात. आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणी गोधडी कडेपासून आत शिवतात. हात बसल्यावर ती रीत नक्की करून बघा. सुरुवातीला मात्र मध्यापासून बाहेर सोपं जातं, कारण जास्तीचं कापड कडेला ढकलता येतं.

नाव आणि नक्षी

नाव काढायचं तर अक्षर पाऊण ते एक इंच उंच ठेवा. याहून लहान देवनागरीत जोडाक्षरं भरून जातात, ‘श्र’ आणि ‘ज्ञ’ ओळखू येत नाहीत. खडूने आधी शिरोरेषा आखा, पण शिवा ती सगळ्यात शेवटी, एका सलग साखळी टाक्याने. मग सगळी अक्षरं एका पातळीवर लटकतात. वेलांटी आणि मात्रांसाठी वर अर्धा इंच आणि उकारासाठी खाली अर्धा इंच मोकळा सोडा, आखणीच्या वेळीच. अक्षरांसाठी उलटी टीप दोन पदरी धाग्याने. गोलाईवर टाके बारीक घ्या. नावाचा तुकडा थर जोडण्याआधी वेगळा भरून घ्यायचा, म्हणजे भरतकामाची मागची बाजू आत झाकली जाते.

छापील वळणापेक्षा कुणाचं तरी हस्ताक्षर वापरा. मैत्रिणीच्या आईच्या जुन्या पत्रातली सही, वडिलांनी वहीवर घातलेलं नाव. त्या कागदाची प्रत मोठी करून घ्या, खिडकीच्या काचेवर चिकटवा, वर फिकट कापड धरा आणि पेन्सिलने गिरवा. अशा गोधड्या घेताना लोक आधी अक्षर ओळखतात, मग नाव वाचतात.

नक्षी एकच निवडा, तिच्या आयुष्यातली. देवगडला कलमांची बाग असलेल्या मैत्रिणीला आंब्याची पानं. हर्णैच्या मैत्रिणीला होडीचं शीड, जे दोन त्रिकोणांत होतं. सावंतवाडीकर मैत्रीण असेल तर गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांचं, सूत्र सुरेख वापरता येतं: तिथल्या गंजिफा गोल असतात, दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकी बारा, अशी १२० पानं. दहा रंगांची दहा वर्तुळं एका साध्या पार्श्वभूमीवर बसवली की बघणारा ओळखतो. पान किंवा वर्तुळ कापताना पाव इंच जास्त ठेवा, गोलाईवर कात्रीने बारीक छेद द्या, कड आत दुमडून कच्चा टाका घाला आणि मग न दिसेल असं हेमिंग करा. होडी, नारळ, मासे, समुद्र सगळं एकाच गोधडीवर नको. पर्यटकांच्या दुकानातली वस्तू वाटते.

बागायतीत काम करणाऱ्यांसाठी अस्तर गडद, छापील घ्या. काजूच्या बोंडूचा रस आणि केळीचा चीक यांचे डाग जात नाहीत.

मोठी गोधडी, दोन साड्यांची

एका माणसाच्या गोधडीला ६० बाय ९० इंच पुरतात. सहावारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे साधारण २१६ इंच लांब आणि ४५-४६ इंच पन्ह्याची. पदराकडचे ३६ इंच कापून बाजूला ठेवा. उरलेल्या १८० इंचांचे ६० इंचांचे तीन तुकडे होतात. असे दोन तुकडे काठाला काठ जोडले की ६० बाय सुमारे ९० चा एक थर. दोन साड्यांतून सहा तुकडे, म्हणजे नेमके तीन थर. दोन पदर हातात उरतात, ते वरच्या थराच्या मध्यावर किंवा डोक्याकडच्या बाजूला लावा. नऊवारी मिळाली तर याच मापाचे पाच तुकडे निघतात.

बाकी सगळं दुपट्यासारखंच. दीड इंचावर उभ्या ४० ओळी, म्हणजे ९० मीटरच्या आसपास शिवण. तीन पदरी धाग्याच्या सात-आठ लड्या आणून ठेवा आणि सगळ्या एकदम घ्या, नंतर तीच छटा मिळेलच असं नाही. मशीनवर करायची असेल तर १६ नंबरची सुई, टाका तीन-साडेतीन मिलिमीटर, आणि गोधडी दोन्ही बाजूंनी गुंडाळी करून मशीनखाली सरकवा. पायाची मशीन असेल तर पावसात वीज गेल्याने अडत नाही. मशीनची गोधडी लवकर होते आणि टिकतेही, पण थोडी ताठ राहते. मुलांसाठी, वसतिगृहात जाणाऱ्यांसाठी मशीन. आजारी माणसासाठी, म्हाताऱ्यांसाठी हात. हे माझं मत.

पाऊस धरून आखणी

आगोटीच्या (पाऊस सुरू होण्याच्या) आधी, एप्रिल-मेच्या उन्हात, वर्षभराचं कापड धुऊन, वाळवून, कापून घ्या. पावसात शिवण. लावणी आटोपली की दुपारी पडवीत बसायला वेळ मिळतो, फक्त ढगांमुळे उजेड कमी असतो, तेव्हा गडद कापडावर गडद धाग्याचं काम या दिवसांत नको. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या मैत्रिणीला द्यायची असेल तर शेवटचं धुणं आदल्या आठवड्यावर टाकू नका. भाद्रपदात दोन दिवस सलग ऊन मिळेलच याचा नेम नसतो. उघडीप मिळेल त्या दिवशी धुवा, पंख्याखाली पसरा, वाळल्यासारखी वाटली तरी दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवा आणि मगच घडी घाला. शिवणींच्या जागी, जिथे कापडाचे जास्त थर येतात, तिथे ओल राहते. गालाला लावून बघा, हातापेक्षा गालाला ती लवकर कळते.

तयार गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. जुन्या धोतराची किंवा मांजरपाटाची पिशवी शिवा, हवा खेळती राहते. कसरीसाठी सुकलेला कडुनिंबाचा पाला किंवा लवंगा पुरचुंडीत बांधून ठेवा. बाळाच्या दुपट्यात डांबराच्या गोळ्या मुळीच नकोत. त्यातल्या नॅप्थलीनमुळे काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते.

देताना सोबत काय

एका कार्डावर तीन गोष्टी लिहा: कोणतं कापड कुणाचं, कधी शिवली, कशी धुवायची. पहिले दोन वेळा वेगळी, थंड पाण्यात, साध्या साबणाने, पिळून नव्हे तर दाबून. वाळत घालताना दोन दोऱ्यांवर, म्हणजे ओल्या वजनाने एका जागी ताण येत नाही. कार्ड हरवतं, म्हणून अस्तराच्या एका कोपऱ्यात साल आणि तुमच्या नावाचं अक्षर बारीक टाक्यांत काढून ठेवा.

आणि वरच्या थरात वापरलेल्या कापडांचे हातभर तुकडे, थोड्या धाग्यासह, एका छोट्या बटव्यात घालून द्या. सात बाय नऊ इंचांचे दोन तुकडे तीन बाजूंनी शिवले, वर इंचभर नेफा ठेवून नाडी ओवली की बटवा होतो. पदराचा उरलेला भाग त्याला पुरतो. गोधडी आधी विरते ती पायाकडच्या आणि हनुवटीकडच्या कडेला. तिथे त्याच कापडाचं ठिगळ लावायचं, विरलेल्या भागाहून चारी बाजूंनी इंचभर मोठं, कडा आत दुमडून, आणि त्यावरून जुन्या ओळींच्या रेषेतच नवा धावदोरा घालायचा. तिला हे जमत नसेल तर गोधडी तुमच्याकडे पाठवायला सांगा, धुऊन.